डिझेल पिकअप कधी बंद करणार, ते एकदा राजपत्रात लिहा

प्रति,
रस्ते वाहतूक, पेट्रोलियम आणि अवजड उद्योग या तिन्ही केंद्रीय मंत्रालयांत हलक्या मालवाहू गाड्यांचं धोरण ठरवणारे सर्व अधिकारी

स. न. वि. वि.

आमच्या घरी दोन पिकअप आहेत. एक 2018 ची, बीएस-4, म्हणजे धुराच्या जुन्या सरकारी मर्यादेतली. दुसरी 2022 ची, बीएस-6, म्हणजे नव्या, कडक मर्यादेतली. दोन्ही डिझेलच्या. एक नवरा चालवतो, दुसरीवर ड्रायव्हर आहे, आणि हप्ता, विमा, फिटनेस, डिझेलची उधारी हा सगळा हिशेब माझ्याकडे. काटोल-नरखेडकडून संत्र्याची कॅरेट नागपुरात कळमन्याच्या बाजाराला आणायची, परतीला इतवारीतून किराणा नाहीतर बुटीबोरीतून मिळेल तो माल घ्यायचा, असा आमचा धंदा. नव्या गाडीचा शेवटचा हप्ता 2027 मध्ये आहे.

आता तुमच्याकडचं 2027 बघा. पेट्रोलियम मंत्रालयाने नेमलेल्या ऊर्जा संक्रमण सल्लागार समितीचा अहवाल मे 2023 मध्ये लोकांसमोर आला. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत 2027 पर्यंत डिझेलच्या चारचाकी बंद कराव्यात, अशी त्यात शिफारस आहे. शहरात माल पोचवणाऱ्या नव्या गाड्या 2024 पासून फक्त विजेच्याच नोंदवाव्यात, हेही त्यातच. 2011 च्या जनगणनेत नागपूर 24 लाखांचं होतं, म्हणजे आम्ही यादीत बसतोच. ती शिफारस अजून शिफारसच आहे. पण त्याच वर्षी 12 सप्टेंबरला डिझेल गाड्यांवर आणखी 10 टक्के जीएसटी लावण्याची भाषा दिल्लीतल्या व्यासपीठावरून झाली, आणि असा कुठलाही प्रस्ताव विचाराधीन नाही असा खुलासा त्याच दिवशी आला. मग 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यात डिझेल पिकअपही आली. दहा टक्के वाढणार होते, दहा टक्के कमी झाले. स्वस्त झाली याचा आनंदच आहे. पण यातून मी काय समजायचं? सरकारला मी डिझेल गाडी घ्यायला हवी आहे की नको आहे?

कंपन्यांना यातून वाट काढता येते, त्यांच्याकडे त्यासाठी माणसं बसलेली असतात. आमच्याकडे जुन्या गाडीचं गिऱ्हाईक येतं, टायरवर हात फिरवतं, हौद्याचा पत्रा वाजवून बघतं आणि शेवटी म्हणतं, "वहिनी, सत्तावीसला बंदच होणार म्हणतात ना." की झाला भाव कमी. कायदा झालेला नाही, अधिसूचना निघालेली नाही, तरी नुकसान सुरू झालंसुद्धा. माझी मुख्य तक्रार हीच आहे. डिझेल जायचं असेल तर जाऊ द्या, मी आडवी येणार नाही. पण तारीख सांगा, आणि ती भाषणात नको, राजपत्रात हवी.

डिझेलची बाजू घेऊन मी लिहीत नाही, हे आधीच सांगते. त्या धुराने कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्येच पहिल्या गटात, म्हणजे नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींत, टाकून सांगितलं आहे. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात हवा खराब असलेल्या शहरांच्या यादीत नागपूरचं नाव आहे. कळमन्यात पहाटे गाड्या रांगेत सुरूच उभ्या असतात, आणि त्यांच्या सायलेन्सरच्या उंचीवर पाठीवर पोतं घेतलेला हमाल वाकलेला असतो. त्याचा खोकला तुमच्या कुठल्याही अहवालाआधी आम्ही ऐकलेला आहे.

तरीही डिझेल आमच्या घरात का आलं, हेही तुम्हाला माहीत असायला हवं, कारण ते तुमच्याच धोरणाने आलं. 1980 च्या दशकात परदेशी परवान्यांवर छोटी डिझेल इंजिनं देशात बनू लागली. महिंद्राच्या गाड्यांत प्यूजोचं 2112 सीसीचं, बजाज टेम्पोच्या ट्रॅक्समध्ये मर्सिडीजचं ओएम 616. टाटा 407 आली 1986 मध्ये. 2005 मध्ये टाटांनी एस काढली, आपला छोटा हाथी. दोन सिलिंडरचं 702 सीसी इंजिन, ताकद 16 अश्वशक्ती आणि किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याची गाडी चालवली, तो त्या किमतीत मालक झाला. तीन टनांच्या आत एकूण वजन असलं की परमिट लागत नाही, म्हणून पिकअप हा गरिबाचा वाहतूक धंद्यात शिरायचा दरवाजा ठरला. आणि डिझेल स्वस्त ठेवलं होतं सरकारनेच. 2012 च्या उन्हाळ्यात पेट्रोल आणि डिझेल यांच्या भावात लिटरमागे तीस रुपयांहून जास्त फरक होता. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे भाव मोकळे केले, आणि आज तो फरक निम्म्याहूनही कमी उरला आहे. म्हणजे आधी स्वस्त इंधन दाखवून गाडी घ्यायला लावली, मग इंधन महाग केलं, आता गाडीच नको म्हणता. चढत्या क्रमाने.

डिझेलला पर्याय का सापडत नाही, तर ते इंजिन हळू फिरत असतानाही जोरात ओढतं. ठिणगीचा प्लग नाही. हवा इतकी दाबायची की ती तापून डिझेल आपोआप पेटतं. दीड टन कॅरेट लादून काटोल रोडच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी हूं न करता निघते, ती या दाबामुळे. जुनं इंजिन तर रस्त्यावरच उघडायचं. डिझेल संपून पाइपात हवा शिरली, तर सासरे स्वतः पंपाचा स्क्रू ढिला करायचे, हातपंप दाबत राहायचे, फेस येणं थांबून डिझेलची सलग धार आली की स्क्रू घट्ट करायचे आणि सेल मारायचे. एक पाना, एक फडकं. "एअर काढली" एवढंच घरी येऊन सांगायचे.

नव्या इंजिनात हे होत नाही, आणि ते व्हावं असं मी म्हणतही नाही. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं. डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत 50 भागांवरून 10 वर उतरलं. आमच्यासारख्या जड पिकअपच्या वर्गात धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरला 60 मिलिग्रॅमवरून साडेचारवर आली, नायट्रोजन ऑक्साइडची 390 वरून 125 वर. ही लहान गोष्ट नाही. हे काम चांगलं झालं, आणि त्याचे पैसे गाडीच्या वाढलेल्या किमतीतून आम्हीच मोजले. मग साठ मिलिग्रॅमची गाडी आणि साडेचारची गाडी एकाच दिवशी, एकाच दारातून बाहेर काढायची, हा कुठला न्याय? 2018 ची आमची गाडी आधी जावी, हे मला पटतं. 2022 ची का?

दुसरी तक्रार त्या साडेचार मिलिग्रॅमच्या पोटातली आहे, आणि ती जरा सविस्तर सांगते, कारण दिल्लीत बसून ती दिसत नाही. ही मर्यादा पाळायला गाडीला डीपीएफ लावतात, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. चुलीच्या धुराड्यात साचते तशी काजळी त्यात साचत जाते. ती जाळायची, तर सायलेन्सरमधला धूर सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग पळावी लागते. मोठ्या रस्त्यावर हे चालता चालता होऊन जातं. पण कळमना ते इतवारी, इतवारी ते गांधीबाग, मधे फाटकाशी, सिग्नलला, अडत्याच्या दारात तासभर उभं, असं ज्या गाडीचं आयुष्य आहे, तिचा धूर तापतच नाही. मग डॅशबोर्डवर पिवळी बत्ती लागते. ड्रायव्हरचा फोन येतो, "ताई, बत्ती लागली ना पुन्हा, काय करू?" गाडीत माल असतो, आणि संत्रं वाट बघत नाही.

सर्व्हिस सेंटरवाल्यांचं उत्तर पाठ झालं आहे: हायवेला पळवा. आउटर रिंग रोडवर रिकामी गाडी पळवून काजळी जाळायची, डिझेल आमचं, वेळ आमचा, भाडं कोणाचंच नाही. तेवढ्याने नाही विझली तर गाडी आत घ्यायची, लॅपटॉप लावायचा, जागेवरच इंजिन पळवून फिल्टर जाळायचा आणि बिल द्यायचं. वॉरंटीत बसतं का विचारलं, तर "वापरण्याची पद्धत" असं उत्तर मिळतं. साहेब, माल भरून शहरात थांबत थांबत चालवणं, ही पिकअप वापरण्याची पद्धतच आहे. गाडी विकताना शोरूममध्ये जो फोटो लावला होता, त्यात भाजी मंडईच होती.

आमचा जुना मिस्त्री कामठी रोडला बसतो. डिझेल पंप आणि नोझलमध्ये त्याचा हात धरणारा मी पाहिला नाही. आता गाडी दाखवली की म्हणतो, "वहिनी, लॅपटॉप लावल्याशिवाय काही समजत नाही, अन् तो लॅपटॉप मला कोणी देत नाही." सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात मोटारगाड्या आहेत. त्यावर दुरुस्तीची माहिती टाका, पण मिस्त्रीच्या हातात स्कॅनर आणि पासवर्ड येत नाही तोवर त्या माहितीने बत्ती विझत नाही.

याचा परिणाम काय होतो, तेही लिहून टाकते. बाजारात लोक फिल्टर पोकळ करून देतात. आतला भाग काढायचा, नळकांडं तसंच ठेवायचं, कंप्युटरला फिल्टर आहे असं भासवायचं. आम्हालाही सुचवणारे भेटले, आम्ही केलं नाही. पण ज्याचा हप्ता थकला आहे आणि बत्ती रोज लागते, तो किती दिवस थांबेल? आणि पीयूसीला हे कळत नाही, कारण ती तपासणी धूर किती काळा दिसतो एवढंच मोजते. फिल्टर पोकळ झालेली नवी गाडीही तिथे सहज पास होऊ शकते. नेदरलँड्सने जानेवारी 2023 पासून डिझेल गाड्यांचे सूक्ष्म कण मोजायला सुरुवात केली आहे, म्हणजे हे यंत्राने पकडता येतं. कोट्यवधींच्या तंत्रज्ञानाचं आपण अर्ध्या दिवसात नळकांडं करतो, आणि कागदावर मात्र नागपूरची हवा साडेचार मिलिग्रॅमची राहते.

फसवणूक मोठ्यांनीही केली होती, हे विसरू नका. 2015 मध्ये फोक्सवॅगनचं अमेरिकेत उघडकीला आलं, प्रयोगशाळेत एक धूर आणि रस्त्यावर दुसरा. त्यानंतर प्रत्यक्ष रस्त्यावर धूर मोजण्याचे नियम जगभर कडक झाले, आणि आपल्याकडेही एप्रिल 2023 पासून आले. बरंच झालं. फक्त त्याचाही खर्च गाडीच्या किमतीत चढला, तो काटोलच्या संत्र्यावर येऊन बसला.

आता पर्यायांबद्दल. वीज म्हणाल, तर शहरातल्या कामाला ती चांगली आहे, मी नाही म्हणणार नाही. सिलिंडर, पाण्याचे जार, ऑनलाइनचे खोके, दुधाची फेरी, हे उद्या विजेवर गेलं तर हमालाची छाती वाचेल. (वीज कोराडीच्या वीजकेंद्रातल्या कोळशाची आहे, असं कोणी म्हणालं तर म्हणू द्या. कोराडीचं धुराडं कळमन्याच्या फाटकात उभं नसतं.) पण टाटाची एस ईव्ही 2022 मध्ये आली ती 600 किलो वजनासाठी, पुढे 1000 किलोची आली. एका चार्जवर 154, मग 161 किलोमीटर, तेही चाचणीतले. काटोल जाऊन-येऊन शंभराच्या वर होतात, नरखेड त्याहून लांब, आणि आमच्या हौद्यात दीड टन असतो. मे महिन्यात 45 अंशांत हे गणित कसं बसवायचं, ते ठरवणाऱ्याने एकदा आमच्या केबिनमध्ये बसून बघावं.

तरीही एखादा म्हणेल, चला, घेतो विजेची. तर तिथे तुमचीच अट आडवी येते. पीएम ई-ड्राइव्ह योजना 2024 मध्ये आली, 10,900 कोटींची. तीनचाकींना त्यात अनुदान दिलंत. 2025 च्या जुलैत ट्रकसाठीचे नियम आले, तेही साडेतीन टनांच्या वरच्या ट्रकना, कमाल 9.6 लाख रुपयांपर्यंत. मधली पिकअप, साडेतीन टनांच्या आतली, ना इकडे ना तिकडे. डिझेल सोडा असं सगळ्यात आधी जिला सांगता, तिलाच अनुदानातून वगळता. हे चुकून झालं असेल तर दुरुस्त करा, ठरवून झालं असेल तर कारण सांगा.

सीएनजी? 2022 मध्ये नागपूरचा सीएनजी किलोला 120 रुपयांवर गेला होता, तेव्हा देशात सगळ्यात महाग. गुजरातेतून टँकरने द्रवरूप वायू आणून इथे विकायचा, मग दुसरं काय होणार. ज्यांनी त्याआधी किट बसवले, त्यांची तोंडं मी पाहिली आहेत.

पेट्रोल पिकअप चालते, हलक्या मालाला. मारुतीने सुपर कॅरी 2016 मध्ये 793 सीसी डिझेलवर आणली होती, बीएस-6 आलं तसं डिझेल सोडलं. टाटाने 2025 मध्ये एस प्रो काढली ती पेट्रोल, सीएनजी आणि विजेवर, आणि त्याच वर्षी एस गोल्ड प्लस काढली ती डिझेलवर. एकाच कंपनीला एकाच वर्षी दोन्हीकडे पाय ठेवावा लागतो, यावरूनच समजा की तुमच्या मनात काय आहे ते त्यांनाही कळलेलं नाही. त्यांना दोन पाय ठेवणं परवडतं, आम्ही एकच गाडी घेतो.

शेवटची काळजी डिझेलमध्ये काय मिसळणार याची. इथेनॉल डिझेलमध्ये जमलं नाही, म्हणून आता 10 टक्के आयसोब्युटेनॉल हे दुसरं अल्कोहोल मिसळून पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत प्रयोग चालल्याचं सप्टेंबर 2025 मध्ये सांगितलं गेलं. करा प्रयोग. उसाला भाव मिळतो, बाहेरचं तेल कमी लागतं, चांगलंच आहे. पण इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलची भोकं सुईच्या टोकाहून बारीक झाली आहेत आणि एका नोझलचा सेट बदलायचा म्हणजे महिन्याचा हप्ता बुडतो. पेट्रोलच्या 20 टक्के इथेनॉलवरून जो गोंधळ झाला, जुन्या गाडीला चालतं की नाही हे लोक व्हॉट्सअॅपवर विचारत बसले, तो आमच्या वाट्याला नको.

तर मागण्या अशा आहेत.

डिझेलच्या हलक्या मालवाहू गाड्यांबद्दल तिन्ही मंत्रालयांनी मिळून एकच अधिसूचना काढावी. नवी डिझेल पिकअप विकणं कधी थांबेल आणि आधी नोंदलेली कुठे, किती वर्षं चालेल, हे दोन्ही त्यात वेगवेगळं लिहावं. बीएस-6 गाडी नोंदणीपासून 15 वर्षं शहरात चालवू द्यावी, फिटनेस आणि फिल्टर नीट असेल तोवर. त्याआधी बंद करायची असेल, तर उरलेल्या वर्षांची भरपाई ठरवून द्यावी. मे 2023 च्या शिफारशीचं काय झालं, हो की नाही, तेही त्यातच सांगावं.

साडेतीन टनांच्या आतल्या विजेच्या पिकअपला केंद्राचं अनुदान मिळावं, आणि एक-दोन गाड्यांच्या मालकाला जुनी गाडी मोडीत काढल्यावर कमी व्याजाचं कर्ज मिळावं. कळमना, कॉटन मार्केट, वाडी, बुटीबोरी इथे माल उतरेपर्यंत गाडी चार्ज होईल अशा जागा हव्यात. मॉलच्या तळघरातला चार्जर पिकअपच्या कामाचा नाही, तिथे आमच्या गाडीला आत सोडत नाहीत.

शहरात चालणाऱ्या पिकअपचा फिल्टर कंपनीने निदान कर्जाच्या मुदतीपर्यंत वॉरंटीत घ्यावा आणि "वापरण्याची पद्धत" हे कारण चालू देऊ नये. फिल्टर जाळण्याचं सॉफ्टवेअर आणि स्कॅनर बाहेरच्या मिस्त्रीला रास्त किमतीत मिळावा, आयटीआयमध्ये त्याचं शिक्षण असावं. पीयूसीत सूक्ष्म कण मोजणारं यंत्र आणावं. पोकळ फिल्टरवाल्याला पकडाच, पण आधी वरची दोन कामं करा, नाहीतर दंड फक्त गरिबाला बसेल.

डिझेलमध्ये काहीही मिसळण्याआधी कोणत्या सालच्या, कोणत्या इंजिनाला ते चालतं याची यादी कंपनीच्या सहीने प्रसिद्ध व्हावी, आणि पंपावर मराठीत लावावी.

आणि धोरणाच्या बैठकीला कंपन्यांच्या संघटना येतात, मोठ्या ट्रकवाल्यांच्या येतात, तिथे एक-दोन गाड्यांच्या मालकांनाही बोलवा. नागपुरात बैठक ठेवलीत तर आमची माणसं भाडं सोडून येतील. संत्र्याचा हंगाम नसेल अशी वेळ बघा, आंबिया बहाराच्या संत्र्याची तोडणी ऑक्टोबरपासून सुरू होते.

या पत्राची प्रत तिन्ही मंत्रालयांना टपालाने पाठवत आहे. उत्तर मराठीत आलं तर बरं, हिंदीत आलं तरी चालेल.

आपली,
दोन पिकअपची हिशेबनीस आणि सहमालक
कळमना, नागपूर